जाळीत राहिलेला चेहरा

पोस्टरवालीच्या हातचं पोस्टर ओळखायचं असेल तर खाली कोपऱ्यात सही शोधत बसू नका. ती सही करतच नाही. पोस्टरमधला सगळ्यांत गडद भाग बघा. गायिकेच्या मागचा अंधार असेल, पियानोखालची सावली असेल, नाहीतर नुसताच काळा पट्टा असेल. समोरून तिथे काही दिसणार नाही. जरा बाजूला सरका, मान तिरकी करा, उजेड कागदावर आडवा पडू द्या. मग त्या काळ्यात एक माणूस दिसतो. कपाळ, नाक, मिटलेले ओठ, आणि सरळ आपल्याकडे बघणारे डोळे. एकदा दिसला की पिच्छा सोडत नाही. शहरात कितीतरी लोकांना तो दिसला होता. काही शौकिनांनी तर पोस्टरं भिंतीवरून अलगद सोडवून घरी नेली होती, आणि त्यातल्या काहींनी ती परत आणूनही दिली. "घरात नको वाटतं हो," म्हणाले.

तो माणूस म्हणजे पोस्टरवालीचा दादा.

यात भुताटकी काही नव्हती, निदान सुरुवातीला तरी नव्हती. पोस्टरवाली छापायची जाळीतून. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवायची, चित्राचा भाग मोकळा ठेवून बाकीची जाळी बुजवायची, वरून शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची. खालच्या कागदावर चित्र उतरतं. काम झालं की औषध लावून जाळी धुवायची आणि तीच चौकट पुढच्या कामाला घ्यायची. पण जाळी कितीही घासा, जुन्या चित्राची पुसट सावली तिच्यात राहून जाते, आणि पुढे गडद रंग छापला की त्या रंगात उतरते. गिऱ्हाईक बोंबलतं, म्हणून छापणारे असली जाळी फाडून टाकतात. पोस्टरवालीने फाडली नाही.

कारण त्या जाळीत दादा होता. दादा गायचा, आणि त्याच्या मंडळींच्या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमाचं पोस्टर धाकट्या बहिणीने केलं होतं. दुसरं काही नाही, कागदभर नुसता त्याचा चेहरा. चौकाचौकांत तो लागला. आणि ऐन कार्यक्रमात दादाचा आवाज फाटला. नुसता चिरकला नाही, गेलाच. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले, कोणीतरी पोस्टरचा बोळा करून स्टेजवर भिरकावला. दादाने माइक खाली ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर पडला, तो गेलाच. घरी आला नाही, मित्रांकडे गेला नाही. पोलिसांत कळवून झालं, दवाखाने पालथे घातले, नातेवाइकांचे उंबरे झिजवले. काही पत्ता लागला नाही.

पोट काही थांबत नाही. पुढचं काम आलं तेव्हा पोस्टरवालीने तीच चौकट धुऊन घेतली. कुठल्याशा व्हायोलिनवाल्याचं पोस्टर होतं, मागे गडद निळी रात्र. पहिला कागद वाळल्यावर तिने खिडकीशी धरला आणि मान तिरकी केली. निळ्यात दादा होता. ती तो कागद तसाच घेऊन आईकडे गेली. आई त्या दिवसांत धड जेवत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. तिने कागद तिरका धरला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "छाप. सगळे असेच छाप. कुठे असेल तिथे त्याला दिसेल. स्वतःचं तोंड बघून तरी कळेल त्याला, घरचे वाट बघतायत म्हणून."

झालं, ठरलं. तेव्हापासून दादा प्रत्येक पोस्टरात गेला. दौऱ्यावरच्या मंडळींची कामं पोस्टरवाली मुद्दाम घ्यायची, पैसे कमी मिळाले तरी, कारण ती पोस्टरं गावोगाव लागायची. आईने घरातले दादाचे फोटो उतरवून पेटीत घातले. "भिंतीवर फोटो आला की माणूस गेल्यासारखा वाटतो," तिचं म्हणणं. त्या जागी तिने नव्यात नवं पोस्टर लावायचं, खुर्ची त्याच्यासमोर तिरकी ठेवायची आणि बसायचं. पुढे आईचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी जिने चढू नका, चिंता करू नका असं सगळं सांगितलं. आईने मान डोलावली आणि घरी येऊन लेकीला बजावलं, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्याला एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी जायची नाही. तू हात चालू ठेव." म्हातारीचा सगळा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला होता, आणि पोस्टरवालीलाही दुसरं काही नको होतं.

आता सावली ती सावली. ती कायम थोडीच टिकते? दर धुण्याला ती विरत गेली. मग पोस्टरवालीने जाळी बुजवायचं औषध पातळ केलं, बारीक कुंचला घेतला आणि विरलेला चेहरा जाळीवर पुन्हा गिरवला. जाळी जुनी होऊन फाटली की नव्या जाळीखाली शेवटचं पोस्टर ठेवायचं आणि त्यावरून चेहरा उचलायचा. तेही विरलं की पुन्हा त्याच्या पुढच्यावरून. पेटीतला फोटो एकदाही काढला नाही. एकतर ते फोटो बघवत नव्हते. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, फोटो बघून काढ म्हटलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "सख्खा भाऊ आहे माझा," ती म्हणायची, "मला फोटो कशाला लागतोय?"

इथे चित्रकार मंडळींची एक खोड सांगायला हवी. त्यांचा हात गप्प बसत नाही. रेघ जरा वाकडी दिसली की सरळ करतो, नाक जरा बसकं वाटलं की चिमूटभर वर ओढतो. मुद्दाम नाही हो. रोज गादीची सुरकुती मोडावी तसं, न बघता. गिरवताना पोस्टरवालीला कधी वाटलं नाही की आपण काही बदलतोय. तिला वाटायचं, आज दादा जास्त नीट उतरला.

मासिकाची मुखपृष्ठंही ती करायची. तिथे जाळी नाही, ते मोठ्या छापखान्यात छापलं जायचं. मग ती दादाला हाताने काढायची. पावसाळ्याच्या अंकात भिजलेल्या काचेमागे, दिवाळखोरीवरच्या अंकात बंद दुकानाच्या फटीत. संपादकबाई वैतागल्या होत्या.

"अहो, बालसंगोपनाचा विशेषांक आहे," त्यांनी एकदा चित्र टेबलावर आपटलं. "पाळण्याच्या खाली माणूस कशाला दडवून ठेवलाय? बायका घाबरून पत्रं पाठवतात मला."

"दिसतोय का तो?"

"दिसतोय का काय! रात्री दिवा घालवला तरी दिसतोय." मग बाई जरा नरमल्या, चष्मा काढून बघत म्हणाल्या, "तुमचा भाऊ देखणा आहे पण. दर अंकागणिक देखणाच होत चाललाय मेला."

पोस्टरवाली हसली. घरी जाऊन तिने ते आईला सांगितलं, तर आईही हसली. "लहानपणापासून देखणाच आहे तो," म्हणाली.

मग तो बाजारातला प्रकार झाला. पोस्टरवाली भाजी घेत होती. पलीकडच्या गाड्यावर एक माणूस संत्री निवडत होता, आणि तो दादा होता. अगदी तोच. तेच कपाळ, तीच नाकाची सरळ रेघ, तसेच मिटलेले ओठ. तिच्या हातातली पिशवी तिथेच पडली. तो निघाला तशी ती मागे निघाली, लोकांना ढकलत, शिव्या खात. कोपऱ्यावर तिने त्याची बाही धरली आणि "दादा" म्हणाली. माणूस वळला. तीसएक वर्षांचा असेल, म्हणजे तिच्याहून कितीतरी लहान. दादा हरवला तेव्हा तो शाळेत असणार. पण चेहरा तोच, कणभर इकडेतिकडे नाही, जसा काही तिनेच गिरवलेला. तो बिचारा बाही सोडवत म्हणाला, "ताई, तुमची काहीतरी चूक होतेय." आणि जवळजवळ पळतच गेला. पोस्टरवाली पिशवी तिथेच विसरून घरी आली. चूक कसली? चेहरा तर बरोबर होता. मग माणूस चुकीचा कसा? तिला काही केल्या उलगडेना, आणि रात्री घराच्या पुढच्या खोलीतल्या कारखान्यात वाळत घातलेल्या कागदांतून तो बाजारातला माणूस तिच्याकडे बघत राहिला. तिने दिवा घालवला नाही.

तेव्हाच पेटी उघडायला हवी होती. पण नाही उघडली. भीती वाटली की माणूस काय काय करत नाही.

त्यानंतर ड्रमवाला आला. दादाच्या मंडळींत ड्रम वाजवायचा, आता स्वतःचे दौरे काढतो, पोट सुटलंय, अंगठ्या आल्यात. मोठ्या दौऱ्याचं काम घेऊन आला होता. टेबलावरची पोस्टरं उलटीपालटी करताना त्याने एक उजेडात तिरकं धरलं.

"वा! हे काहीतरी वेगळंच आहे गं. अंधारात माणूस! कोणाला मॉडेल घेतलंस?"

पोस्टरवालीला वाटलं, थट्टा करतोय. "ओळखा की."

"खरंच नाही ओळखलं. कोणी नट आहे का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस त्याच्याबरोबर एका ताटात जेवला, एका खोलीत झोपला, आणि आता विचारतोय कोण मॉडेल! "लाज वाटते का काही?" ती ओरडली. "तुमच्यासमोर त्याचा आवाज गेला, तुम्ही ड्रमच्या मागे बसून राहिलात. आता त्याचं तोंडही विसरलात?" ड्रमवाल्याने पुन्हा एकदा पोस्टर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. जाताना दारात थांबून त्याने एवढंच विचारलं, "आई कशी आहे?" "आई थकली आहे," ती म्हणाली. "दिवस मोजतेय. तुम्हाला काय त्याचं?" काम त्याने तरीही दिलं, आगाऊ पैशांसकट. पोस्टरवालीने पुढचा आठवडाभर त्याला मनातल्या मनात शिव्या घालत छापलं, आणि दादाला इतका ठळक केला की आता मान तिरकी करायचीही गरज उरली नाही.

ते पोस्टर लागल्यावर थोड्याच दिवसांनी, दुपारी, कारखान्याच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. टक्कल पडलेला, खुरटी पांढरी दाढी, ओझी उचलायची कामं करणाऱ्यांचे असतात तसे खांदे पुढे आलेले. हातात तिचंच पोस्टर होतं, गुंडाळी करून.

"काय हवंय?" पोस्टरवालीने मान वर न करता विचारलं. ती जाळी धूत होती.

"विचारायचं होतं जरा." आवाज म्हणजे नुसती खरखर होती, घशात वाळू असल्यासारखी. "हा काळ्यातला माणूस... कोण आहे हा?"

असे येणारे बरेच असायचे. तिने नेहमीसारखंच सांगितलं. "माझा भाऊ. हरवलाय. बघून येईल म्हणून छापते."

जाळी धुऊन झाल्यावर तिने नळ बंद करून वर बघितलं. तो कागदांच्या रांगेकडे बघत होता, एकामागून एक, आणि त्याचा चेहरा कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखा झाला होता.

"मला वाटलं, तुझा नवरा असेल," तो म्हणाला.

"कोण?"

"हा. मी हॉलमध्ये स्पीकरची खोकी उचलतो, गावोगाव. मागच्या खोलीत तुझी पोस्टरं लागलेली असतात. हात तुझाच, ते मी लगेच ओळखायचो. मग अंधारात बघायचो, कुठे आपण दिसतो का. दर वेळी हाच. म्हटलं, चला, पोरीचा संसार झाला, तिचं माणूस आहे, घरची आपल्याला विसरली असतील तर बरंच झालं." त्याने ओठ पुसले. "आता ड्रमवाल्याच्या माणसांना बोलताना ऐकलं, आई थकलीय म्हणून. मग राहवेना. तुझा भाऊ मी आहे गं."

पोस्टरवालीने त्याच्याकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की हा खोटं बोलतोय. नाक बसकं होतं. एक भुवई वर, एक खाली. हनुवटी जवळपास नव्हतीच. ती बघत राहिली, आणि बघता बघता त्या बसक्या नाकाखालून, पांढऱ्या दाढीखालून हळूहळू कोणीतरी वर यायला लागलं. वरच्या फळीवरची चिंचेची बरणी काढायला तिला खांद्यावर घेणारं कोणीतरी. मग तिला एकदम रडू फुटलं. ओल्या हातांनी तिने त्याचं तोंड धरलं आणि "अरे तू असा होतास, तू असा होतास," एवढंच म्हणत राहिली. बोटांची शाई त्याच्या गालांना लागली.

"मी बिघडवलं रे," ती म्हणाली. "माझ्या हाताने मी तुला घालवलं."

"जाऊ दे. आई कुठे आहे?"

आई मागच्या खोलीत मटार सोलत बसली होती, नव्या पोस्टरसमोर. म्हातारीचं डोकं अगदी शाबूत होतं बरं का. दूधवाल्याने मागच्या महिन्यात किती वेळा पाणी घातलं हे ती तारखेनिशी सांगायची. पोस्टरवाली दादाचा हात धरून आत आली.

"आई, दादा आला."

आईचा हात मटारात थांबला. तिने टोपलं खाली ठेवलं, खुर्चीचा हात धरून उठली, चष्मा साडीच्या पदराला पुसून डोळ्यांवर चढवला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते पोस्टरवालीने आयुष्यात कधी कागदावर उतरवलं नसेल. आई दाराकडे बघत होती, त्या दोघांच्या मागे. अजून कोणी आत येईल म्हणून.

"कुठाय?" ती म्हणाली.

"आई, हा काय. हा."

आईने त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीवर बघितलं. पुन्हा त्याच्याकडे. असं दोनतीनदा झालं. मग सगळं चेहऱ्यावरचं हळूहळू विझत गेलं, आणि ती पुन्हा खुर्चीत बसली.

"काय गं, असं म्हाताऱ्या माणसाला फसवतात का? बसा हो तुम्ही. हिचं काही मनावर घेऊ नका, दमलीय ती."

"आई, मी आहे," दादा त्याच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाला. मग तो बोलत गेला. वडिलांच्या बुटात लपवलेल्या गोट्या, तापात आईने रात्रभर म्हटलेलं गाणं, जिन्यावरून पडून फुटलेला दात. ओठ वर करून त्याने दातही दाखवला. आई ऐकता ऐकता पुढे सरकली, डोळे पाण्याने भरले, आणि पोस्टरवालीला वाटलं, आता ओळखलं.

"किती सांगितलंय हो त्याने तुम्हाला," आई म्हणाली. "बोलका आहेच तो. कुठे भेटला? बरा आहे ना?"

"आई, हाच आहे!" पोस्टरवाली ओरडली. "चित्र चुकलंय! माझं चित्र चुकलंय, कळतंय का तुला? थांब, मी पेटीतले फोटो काढते."

"ओरडू नकोस. मला फोटो नकोत. चित्र कसं चुकेल? तूच काढलंयस ना?" आईने लेकीकडे असं बघितलं की जणू तीच कुठेतरी हरवून आली होती. "रोज बघते मी त्याला. माझ्या मुलाचं तोंड मला सांगतेस?"

पोस्टरवाली पेटीकडे धावली, पण दादाने तिचा दंड धरला. त्याने मान हलवली. आईचा श्वास लागला होता, ओठ निळसर झाले होते, आणि एक हात छातीवर गेला होता. दादा आईच्या पायांशी जमिनीवर बसला. टोपलं जवळ ओढून त्याने एक शेंग उचलली.

"बरा आहे तो," तो म्हणाला. "भेटतो मला अधूनमधून. तुमची आठवण काढतो फार."

"येतो म्हणाला का?"

"येतो म्हणाला."

आईचा श्वास हळूहळू खाली बसला. ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली, शेंग सोलणाऱ्या. पोस्टरवाली पेटीशी उभी होती, झाकणावर हात ठेवून, आणि तिला ना ते उघडवेना ना सोडवेना. आईने वाकून त्या माणसाच्या गालावरची शाई पदराने पुसली, कोणाही परक्या पोराची पुसावी तशी, सहज.

"तुम्हाला आई आहे का हो?" तिने विचारलं.

"आहे."

"मग इथे कशाला बसलात?" आई म्हणाली. "जा बाबा तिच्याकडे. माझ्यासारखं कोणाला असं ताटकळत ठेवू नये. जा, ऊठ."

आता तो कुठे जाणार होता, तुम्हीच सांगा.